मिशनरी गेल्यावर वाढलेली मंडळी

१९४९ साली माओंच्या सैन्याने सत्ता हाती घेतली तेव्हा चीनमध्ये सुमारे ३० लाख रोमन कॅथलिक होते आणि प्रोटेस्टंट जेमतेम १० लाख. चीन सरकारनेच २०१८ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेत कॅथलिकांचा आकडा ६० लाख आहे आणि प्रोटेस्टंटांचा ३ कोटी ८० लाख. या काळात देशाची लोकसंख्या ५४ कोटींवरून १४० कोटींच्या घरात गेली. म्हणजे कॅथलिक लोकसंख्येच्या वेगानेसुद्धा वाढले नाहीत आणि प्रोटेस्टंट अडतीस पट झाले. सरकारी आकडे हात राखून दिलेले असतात हे धरले, तरी दोघांमधले अंतर त्यामुळे मिटत नाही.

चीनमधल्या ख्रिस्ती धर्माबद्दल जे लिहिले जाते त्यात हा फरक सहसा बाजूला राहतो. सांगितली जाते ती एक सरळ गोष्ट: कम्युनिस्टांनी छळ केला, छळातून श्रद्धा तावून सुलाखून निघाली आणि मंडळी वाढत गेली. ऐकायला ती बरी वाटते. पण छळ दोघांचाही झाला. शांघायचे कॅथलिक बिशप गोंग पिनमेई १९५५ मध्ये पकडले गेले आणि तीस वर्षे कैदेत राहिले. त्याच वर्षी बीजिंगचे प्रोटेस्टंट उपदेशक वांग मिंगदाओ यांना अटक झाली आणि त्यांची अखेरची सुटका १९८० मध्ये झाली. तुरुंग दोघांच्याही वाट्याला, पोलीस एकाच सरकारचे. मग एक शाखा का फोफावली आणि दुसरी का खुंटली? या लेखात मुख्यतः याच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे.

छळाने धर्म संपतोही, याचे उदाहरण खुद्द चीनमध्ये आहे. ६३५ साली आलोपेन नावाचा सिरियन परंपरेतला धर्मगुरू तांग राजवटीची राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शिआन, येथे पोहोचला. सम्राट ताइझोंगने त्याचे स्वागत केले, ग्रंथांचे भाषांतर करून घेतले, मठ बांधायला परवानगी दिली. ७८१ मध्ये उभारलेला शिलास्तंभ हा सगळा वृत्तांत सांगतो. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने परकीय धर्मांवर बडगा उगारला. त्याचा मुख्य रोख बौद्ध मठांवर होता, पण ख्रिस्ती मठही त्यात गेले. बौद्ध धर्म सावरला, कारण तोवर तो गावोगाव मुरला होता. ख्रिस्ती मंडळी मात्र दरबाराच्या आश्रयावर आणि परदेशी व्यापाऱ्यांवर तगलेली होती, ती विझली. तो शिलास्तंभ पुढे सतराव्या शतकात जमिनीतून वर निघाला तेव्हा त्या मंडळीचा तिथे मागमूसही उरला नव्हता.

मंगोल काळात दुसरी खेप आली. मोंतेकोर्विनोचा जॉन १२९४ मध्ये आजच्या बीजिंगला पोहोचला आणि तिथला पहिला आर्चबिशप झाला. या खेपेचा एक धागा थेट ठाण्यापर्यंत येतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये चीनला निघालेले तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ठाण्यात मारले गेले. काही काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक त्या वाटेने गेला. त्याने त्यांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि चीनच्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या छ्वानझोऊमध्ये, नेऊन ठेवल्या. मंगोल सत्ता १३६८ मध्ये कोसळली आणि तिच्याबरोबर ही मंडळीही गेली.

तिसऱ्या खेपेचे दार गोव्यात होते. फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यावर, शांगच्वान बेटावर, आत शिरण्याची वाट पाहत ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले. त्यांचे शव जुन्या गोव्यात आहे. मात्तेओ रिची १५७८ मध्ये गोव्याला उतरले, १५८२ मध्ये मकावला गेले आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोहोचले. रिचींची दृष्टी वेगळी होती. त्यांनी चिनी विद्वानांचा पोशाख केला, त्यांची भाषा आणि ग्रंथ आत्मसात केले, दरबाराला घड्याळे, नकाशे, गणित दिले. शू ग्वांगची या मोठ्या अधिकाऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके १६०७ मध्ये चिनीत आणली. पूर्वजांना धूप दाखवणे हा कुटुंबाचा आचार आहे, मूर्तिपूजा नव्हे, असे रिचींच्या परंपरेतले जेझुइट मानत. इतर पंथांना हे खपले नाही. वाद रोमला गेला आणि पोपने १७०४ पासून एकामागून एक आदेश काढून पूर्वजपूजेला मनाई केली. १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारा सम्राट कांगशी त्यामुळे चिडला. त्याचा मुलगा योंगझेंग याने १७२४ मध्ये बंदी घातली. रोमने हा निर्णय १९३९ मध्ये मागे घेतला. सव्वादोनशे वर्षे उशिरा! चीनच्या अनुभवातली सगळ्यात महागडी चूक मी हीच मानतो. पूर्वजांचा देव्हारा सोडल्याशिवाय ख्रिस्ती होता येणार नसेल, तर चिनी माणसाने घर सोडल्यासारखेच होते.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट आले. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला उतरले. संपूर्ण चिनी बायबल मात्र आधी छापले गेले ते बंगालमध्ये: श्रीरामपूरच्या मार्शमन यांचे १८२२ मध्ये, आणि मॉरिसन यांचे त्यापाठोपाठ १८२३ मध्ये. पण या खेपेवर डाग पडला तो अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात असे आणि तिच्या पैशावर मुंबईतली कित्येक घराणी उभी राहिली. कार्ल गुत्झलाफ नावाचा जर्मन मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणून जाई आणि त्याच फेरीत धर्मपुस्तिका वाटी. १८४२ चा नानजिंगचा तह झाला, पुढे १८५८ आणि १८६० च्या तहांनी मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात शिरण्याचा हक्क मिळाला. हा हक्क तोफांनी मिळवलेला होता आणि चिनी लोक ते विसरले नाहीत.

अशा पुस्तिकांचा एक भलताच परिणाम झाला. ल्यांग फा या चिनी उपदेशकाची एक पुस्तिका हाँग शिउच्वान नावाच्या, सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेल्या तरुणाच्या हाती पडली. आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत अशी त्याची खात्री पटली. १८५१ ते १८६४ या काळात त्याच्या ताइपिंग राज्याने निम्मा दक्षिण चीन पेटवला, नानजिंगला राजधानी केली, आणि किमान दोन कोटी माणसे मेली. १९०० मध्ये बॉक्सर बंडखोरांनी उलट बाजूने हजारो चिनी ख्रिस्ती मारले. त्यात कॅथलिक बहुसंख्य होते. ‘एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला’ अशी म्हणही रूढ झाली. शतकभराची मेहनत, शाळा, इस्पितळे, महाविद्यालये, आणि हाती काय, तर १९४९ मध्ये सगळे मिळून लोकसंख्येच्या एका टक्क्यालाही न पोहोचणारे ख्रिस्ती. सुन यात-सेन आणि च्यांग काय-शेक हे दोघे राष्ट्रनेते ख्रिस्ती होते, तरीही.

या अपयशाच्या पोटात एक वेगळी गोष्ट मात्र वाढत होती आणि तिच्याकडे मिशनऱ्यांचे लक्ष कमी होते. १९१७ मध्ये बीजिंगमध्ये वेई एन्बो या कापडाच्या व्यापाऱ्याने ‘खरी येशू मंडळी’ सुरू केली. शांडोंगमध्ये जिंग त्येनयिंग यांनी ‘येशू कुटुंब’ उभे केले. तिथे शेती सामाईक, जेवण सामाईक, प्रार्थनाही सामाईक असे. फूजियानचे नी तुओशेंग मिशन आणि पगारी पाळक दोन्ही नाकारून घरोघरी जमणारे गट बांधत होते. अमेरिकेत रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले सोंग शांगच्ये परत येऊन चीनभर आणि आग्नेय आशियातल्या चिनी वस्त्यांत गर्दी खेचणारी भाषणे करत होते. या सगळ्यांत परदेशी पैसा नव्हता, परदेशी पाळक नव्हता. आजारी माणसावर हात ठेवून प्रार्थना, स्वप्ने, भूतबाधा काढणे, लोकांसमोर पापांची कबुली हे सगळे होते. शिकलेल्या मिशनऱ्यांना ते अडाणी वाटे. खेड्यातल्या चिनी माणसाला ते ओळखीचे वाटे, कारण देवाने आजार बरा करावा ही त्याची अपेक्षा जुनीच होती.

१९५० नंतर परदेशी मिशनरी हाकलले गेले. वू याओझोंग यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये ‘त्रिस्वावलंबन’ चळवळीची अधिकृत संस्था झाली. मंडळीचा कारभार, खर्च आणि प्रसार तीनही आपल्या बळावर, हे तिचे सूत्र. मजा अशी की हे सूत्र मुळात एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी विचारवंतांचेच होते. कम्युनिस्टांनी ते अमलात आणले आणि पक्षाच्या दावणीला बांधले. कॅथलिकांसाठी १९५७ मध्ये देशभक्त संघ निघाला आणि पुढच्या वर्षापासून पोपच्या संमतीशिवाय बिशप नेमले जाऊ लागले. सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ पासून, अधिकृत मंडळीचीही दारे बंद झाली. चर्चची गोदामे झाली, कारखाने झाले, बायबले जाळली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅथलिक धर्म चालायला बिशप लागतो, बिशपने नेमलेला अविवाहित धर्मगुरू लागतो, मिस्सा लागतो, आणि या सगळ्याच्या टोकाला रोम लागते. धर्मगुरू तुरुंगात गेला की गावातला मिस्सा थांबतो. हेबेईतली कॅथलिक गावे तरीही टिकली. आजी नातवाला जपमाळ शिकवत राहिली. पण ही गावे पिढीजात कॅथलिक होती, ती आपले राखत राहिली, शेजारच्या गावात गेली नाहीत. प्रोटेस्टंटांना, त्यातही वर सांगितलेल्या देशी परंपरांना, एक खोली, एक पुस्तक आणि बोलणारे एक माणूस पुरत होते. पाळक पकडला गेला तर त्याची बायको उपासना घेई. पुस्तक जप्त झाले तर हाताने उतरवून काढत. मध्येच तोडली तरी प्रत्येक पेर रुजणाऱ्या उसासारखी त्यांची रचना होती. छळाने ती घडवली असे नव्हे. ती आधीपासून होती, छळाने बाकीचे सगळे झडले आणि ती उरली.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. सांस्कृतिक क्रांतीने फक्त चर्च मोडली नाहीत. गावदेवतांची मंदिरे, कुळांची सभागृहे, पूर्वजांचे देव्हारे, जत्रा हेही मोडले. ज्या पूर्वजपूजेने शतकानुशतके ख्रिस्ती धर्माची वाट अडवली होती ती माओंच्या लाल रक्षकांनीच उखडून टाकली. ज्यांच्या धर्माला मंदिर, मूर्ती, पुजारी लागतात त्यांना पुन्हा उभे राहायला वेळ लागला. बिनमंदिराची मंडळी तयार होती. तैवानशी तुलना करून पाहा. तिथे माणसे त्याच संस्कृतीची, ख्रिस्ती धर्माला बंदी नाही, मिशनरीही भरपूर गेले. पण मंदिरे शाबूत राहिली, आणि ख्रिस्ती लोकांचे प्रमाण आजही एक आकडी आहे. त्यातही डोंगरातल्या आदिवासींचा वाटा मोठा. सिंगापूरमध्ये २०२० च्या जनगणनेनुसार चिनी वंशाच्या पाचांतला एक ख्रिस्ती आहे. तिथे कारण इंग्रजी शाळा आणि शहरी मध्यमवर्ग, छळ नव्हे. म्हणजे वाढ एकाच कारणाने होत नाही.

१९७९ मध्ये निंगबोचे चर्च उघडले आणि पाठोपाठ इतर शहरांतली. १९८२ मध्ये पक्षाने ‘दस्तऐवज १९’ काढून धर्माला मर्यादित जागा दिली. पण खरी वाढ झाली हेनान, आनहुई यांसारख्या गरीब, दाट वस्तीच्या शेतकरी प्रांतांत आणि अधिकृत चर्चच्या बाहेर. कम्यून मोडले तसे गावातले स्वस्त सरकारी औषधपाणीही गेले. आजारपण म्हणजे कर्ज असे समीकरण झाले. त्या काळच्या ख्रिस्ती झालेल्यांच्या हकीकती ऐकल्या तर सुरुवात बहुतेक वेळा आजारापासून होते: सासूचे पोट, मुलाचे फिट येणे, शेजारणीने येऊन केलेली प्रार्थना. चिनी अभ्यासक अशा मंडळ्यांना ‘तीन जास्त’ म्हणत, म्हणजे म्हातारे जास्त, बायका जास्त, निरक्षर जास्त. त्यात थोडी तुच्छता होती, पण वर्णन खरे होते. सायकलवरून, पायी, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुली हे या चळवळीचे पाय होते. हेनानमधल्याच शाओमिन या शाळा अर्धवट सुटलेल्या शेतकरी मुलीने १९९० पासून रचलेली ‘कनान गीते’ हजाराच्या वर आहेत आणि घराघरांतल्या उपासनेत ती गायली जातात. चीनच्या ख्रिस्ती धर्माचा सूर कुठला, असे कोणी विचारले तर मी कोणत्याही धर्मशास्त्रज्ञाआधी तिचे नाव घेईन.

पुस्तकांचा तुटवडाही भरून निघाला. नानजिंगमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅमिटी छापखान्याने २०१२ पर्यंत दहा कोटी बायबले छापली. त्यांतली मोठी संख्या परदेशी जाते. जगातला सर्वांत मोठा बायबल छापखाना कम्युनिस्ट देशात असावा, आणि तिथले बायबल दुकानात मिळू नये, फक्त चर्चमध्ये मिळावे, ही चिनी व्यवस्थेची खास तऱ्हा.

खेड्यांतल्या अशिक्षित, एकट्या पडलेल्या मंडळ्यांत भलतेही उगवते. ‘पूर्वेची वीज’ हा पंथ, येशू चिनी स्त्रीच्या रूपाने परत आला आहे असे सांगणारा, याच हेनानच्या भूमीवर पसरला. त्याच्याशी नाव जोडले गेलेल्या लोकांनी २०१४ मध्ये शांडोंगच्या एका मॅकडोनाल्डमध्ये एका स्त्रीला ठेचून मारले आणि देश हादरला. घरगुती मंडळ्यांना सरकारपेक्षा या पंथाची भीती जास्त वाटे.

वेंझोऊची गोष्ट निराळी. १९५८ मध्ये ‘धर्ममुक्त’ करून दाखवण्यासाठी निवडलेला हा जिल्हा पुढे ‘चीनचे जेरुसलेम’ म्हणवू लागला. इथले लोक व्यापारी. बटणे, बूट, चष्मे बनवणारे कारखानदार चर्चचे विश्वस्त झाले, मोठमोठी चर्च बांधली, शिखरावर लाल दिव्यांचे क्रूस लावले. स्थलांतरित वेंझोऊकरांनी पॅरिसला आणि इटलीतल्या प्रातोला आपली मंडळी नेली. नैऋत्येला युनानच्या डोंगरांत लिसू आणि म्याओ जमातींमध्ये मिशनऱ्यांनी लिपी तयार करून दिली होती. तिथे गावेच्या गावे ख्रिस्ती आहेत. आणि १९८९ नंतर शहरांत वकील, प्राध्यापक, विद्यार्थी येऊ लागले. तियानआनमेन चौकातले आंदोलन चिरडले गेले त्या रात्रीनंतर त्यांच्यातल्या काहींचा पक्षावरचा विश्वास उडाला आणि दुसरा विश्वास हवा झाला. बीजिंगची शोवांग, चेंगदूची ‘पहिला पाऊस’ या मंडळ्या अशांच्या. त्यांना लपायचे नव्हते, नोंदणीकृत चर्चमध्येही जायचे नव्हते. त्यांना कायदेशीर तिसरी वाट हवी होती.

ती मिळाली नाही. २०१४ ते २०१६ मध्ये झेजियांग प्रांतात हजारावर क्रूस उतरवले गेले आणि वेंझोऊचे सानजियांग चर्च पाडले गेले. ही बहुतेक चर्च नोंदणीकृत होती, हे ध्यानात घ्यायला हवे. अधिकृत असणे हे संरक्षण नाही, हा त्यातला संदेश होता. १ फेब्रुवारी २०१८ पासून नवे नियम आले. त्यानंतर अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलांना चर्चमध्ये यायला बंदी झाली, ऑनलाइन दुकानांतून बायबल गायब झाले. डिसेंबर २०१८ मध्ये ‘पहिला पाऊस’वर छापा पडला आणि तिचे पाळक वांग यी, स्वतः कायद्याचे अभ्यासक, यांना वर्षभराने नऊ वर्षांची शिक्षा झाली. २०१८ च्याच सप्टेंबरमध्ये व्हॅटिकनने बिशप-नेमणुकीबाबत चीनशी करार केला. त्याचे २०२४ मध्ये चार वर्षांसाठी नूतनीकरण झाले. फुटलेल्या कॅथलिकांना एकत्र आणणे हा त्याचा हेतू. ज्यांनी रोमशी निष्ठा राखण्यासाठी तुरुंग भोगला त्यांना मात्र हा करार जिव्हारी लागला, आणि तो राग मला रास्त वाटतो.

शेवटी आकड्यांचा हिशेब करायलाच हवा, कारण चीनच्या बाबतीत आकडा हेच अनेकांचे शस्त्र आहे. प्यू संस्थेने २०११ मध्ये चीनमधले ख्रिस्ती ६ कोटी ७० लाख धरले. समाजशास्त्रज्ञ फेंगगांग यांग यांनी २०१४ मध्ये तोवरचा वाढीचा वेग पुढे ताणून २०३० पर्यंत २४ कोटी ७० लाखांचे भाकीत केले. चीन जगातला सर्वांत मोठा ख्रिस्ती देश होणार, अशा बातम्या जगभर झळकल्या. त्याच प्यूने २०२३ मध्ये चिनी पाहण्या पुन्हा तपासल्या. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ निघाले सुमारे दोन टक्के, म्हणजे दोन कोटींच्या आसपास, आणि २०१० ते २०१८ दरम्यान वाढ दिसलीच नाही. प्रश्न बदलून ‘येशूवर विश्वास आहे का’ असे विचारले तर होकार सात टक्क्यांपर्यंत जातो, पण त्यांतले कित्येक बुद्धावरही विश्वास ठेवतात. अनोळखी प्रश्नकर्त्यापुढे लोक गप्प राहतात हा आक्षेप खरा आहे. पण गप्प राहणारे २०१० मध्येही होते.

वाढ थांबली असेल तर त्यात आश्चर्य नाही. ज्या खेड्यांत ती झाली ती रिकामी होत आहेत. तरुण शेन्झेनच्या, डोंगग्वानच्या कारखान्यांत गेले आणि उपासनेला म्हाताऱ्या बायका उरल्या. गावात विमा आणि दवाखाना आला, तशी आजारातून येणारी माणसे घटली. मंदिरे पुन्हा बांधली गेली, जत्रा पुन्हा भरू लागल्या, सरकारनेही त्यांना ‘परंपरा’ म्हणून जवळ केले. आणि मुलांना दाराबाहेर ठेवण्याचा नियम हा क्रूस उतरवण्यापेक्षा खोल जाणारा आहे, कारण आजीने नातवाला शिकवणे ही प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांची शेवटची शाळा होती. २०३० चे भाकीत चुकल्यात जमा आहे. २०१८ चा सरकारी आकडा धरला तर मात्र चीनमध्ये ४ कोटी ४० लाख ख्रिस्ती आहेत, भारतातल्या ख्रिस्ती लोकसंख्येहून जास्त, आणि त्यांतली बहुतेक वाढ एकाही परदेशी मिशनऱ्याविना झालेली आहे.